बिनसाखरेचं च्युइंगम

चिंचवडला जनावरांच्या दवाखान्यात एक म्हातारेबुवा कुत्रा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी मांजर घेऊन आलेली तरुणी होती.

“काका, काय झालं याला?”

“च्युइंगम खाल्लं. पाय लटपटाया लागले, तसा निघोज्याहून रिक्षानं आणला.”

“साधं की बिनसाखरेचं?”

“बिनसाखरेचं. मला डायबेटिस हाय.”

“त्यात बऱ्याचदा साखरेऐवजी झायलिटॉल असतं. कुत्र्याची साखर एकदम उतरते. माझ्या नंबरावर तुम्ही जा.”

“आन् तुमचं मांजर?”

“त्याला नुसती लस द्यायचीय. डॉक्टरांना च्युइंगमचं पाकीट दाखवा.”

अर्ध्या तासाने ते एकटेच बाहेर आले.

“सलाईन लावलंय. वेळेत आणला म्हणले.”

“मग होईल बरा. पाकीट सापडलं कुठं त्याला?”

“सापडलं न्हाई, पोरी. मीच दिलं. साखर न्हाई, म्हंजी बाधायचं न्हाई, असं वाटलं.”