मनूसोसची झाडं

नाही नाही, तिथल्या मातीत नको गं गिरमिट घालूस – उतारावरची ती वरची पायरी माझ्या भावाची, मनूसोसची. माझ्या पायरीची माती घे, खाली ये. काय? त्याचीच हवी? ऑलिव्हची झाडं करपलीत ती त्याचीच म्हणून? बरं, घे बाई, तू शिकलेली. पण अगोदर बस, कॉफी निवतेय. सितियाच्या शेती कार्यालयातून इतक्या सकाळी निघालीस, पोटात काही नसेल. मी आरेती. फोन मीच केला होता, रडत रडत – हो, तीच मी.

रोग आहे ना गं? रोगच लिही. गेल्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला होता, सगळ्या अंगणात लाल धूळ – वाऱ्यानं करपली असं लिहिता येईल का? नाही? कशावरून? माझी झाडं त्याच वाऱ्यात उभी होती, ती हिरवीगार आहेत म्हणून? फार डोळे आहेत हो तुला. बघ, जमीन एकच आहे, पण आईनं झाडं वाटून दिली – एक पायरी मनूसोसला, एक मला, परत एक त्याला – म्हणजे सुपीक माती एकाच्याच वाट्याला जायला नको. त्याच्या बुंध्यांवर निळा पट्टा मारला तिनं, तो अजून दिसतो. आणि तो तिकडं मेलबर्नला. तीस वर्षं. आईचं आजारपण नऊ वर्षं कुणी काढलं? मी. कूस कुणी बदलली? मी. तो फोनवर रडायचा, म्हणायचा, आरेती, माझ्या झाडांकडं लक्ष दे गं. आई गेली तेव्हासुद्धा फोनच आला.

म्हणून मी दिलं नाही लक्ष. ऐकलंस? अकरा वर्षं मूठभर खत नाही घातलं त्याच्या झाडांना. खताचं पोतं खांद्यावर घ्यायची, निळा पट्टा दिसला की पुढं – निळा पट्टा, पुढं. माझ्या झाडांना वर्षातून दोनदा युरिया, खालचं तण औषध मारून साफ, जमीन कशी घरातल्या फरशीसारखी. त्याच्या पायऱ्यांवर गवत माजलेलं, पिवळी फुलं गुडघ्याएवढी, त्यात शेजारची मेंढरं चरायची. छाटणी तेवढी केली – अगदीच रान झालं असतं तर गाव बोललं असतं. आणि तेल काढलं की त्याला सांगायची, तुझ्या झाडांनी यंदा काही दिलं नाही रे, घे, एक डबा पाठवते. तो म्हणायचा, देवानं दिलं तेवढं पुष्कळ.

मग फेब्रुवारीत फोन आला. छातीचं दुखणं आहे. डॉक्टर म्हणालेत, पुढचा हिवाळा काही दिसत नाही. म्हणाला, ईस्टरला येतो, माझ्या झाडांखाली बसू दे मला, मोहोर बघू दे. मी धावत वर आले, बघते तर त्याची झाडं कशी फिकट, पानं बारीक, आणि शेजारी माझी गर्द हिरवी, उंच. आंधळ्यालाही कळलं असतं गं! आला की एका नजरेत ओळखील, म्हणेल, आरेती, तू मला उपाशी ठेवलंस. रात्रंदिवस तेच डोक्यात. म्हणून मी – तू रागावू नकोस – मार्चमध्ये बारा-बारा किलो युरिया घातलं. एकेका झाडाला. हो, बुंध्याशीच, माझा बाप तसंच घालायचा. वर ओलं कोंबडखत, गाडीभर. अकरा वर्षांचं राहिलेलं त्यांच्या पोटात घालायचं होतं, आणि हातात सहा आठवडे. पाऊस? पाऊस कुठला यंदा. पहिल्यांदा शेंडे तपकिरी झाले, मला वाटलं कोवळी पालवी असेल. मग पानं गळायला लागली. रोज सकाळी झाडू घेऊन येते, गळलेली झाडून नेते. चाळीस झाडं. मोहोराच्या कळ्यासुद्धा बोट लावलं की गळतात.

काय करू सांग ना! पाणी देऊ? टँकर मागवते. उरलेलं खत हातानं उकरून काढते, नखं गेली तरी चालेल. थोडं थोडं पाणी, पुष्कळ दिवस? आणि मग हिरवी होतील? कधी – पुढच्या वर्षी? कदाचित? पोरी, तो आज येतोय. सकाळच्याच बसनं.

त्या पिशवीत काय बघतेस एवढं? ही कुठली माती, काळी, भुसभुशीत? त्याचीच, पण खालच्या थरातली? आणि ही ढेकळासारखी माझी. गांडूळ? माझ्यात एकही नाही? काय म्हणालीस – परत सांग. त्याची माती चांगली होती. गवतानं, मेंढरांनी धरून ठेवली होती. पानं फिकट असली तरी झाडं धडधाकट होती, आणि माझीच नुसती पोसलेली – मुळं वरवर, फळ कमी.

ते ठाऊक आहे मला. फळं झेलायला झाडांखाली अंथरलेल्या जाळ्या त्याच्याच जड भरायच्या. दरवर्षी. उचलताना माझी कंबर मोडायची, मी म्हणायची, आईनं त्यालाच चांगली दिली, आणि घरी जाऊन त्याला फोन करायची – यंदा काही नाही रे. म्हणजे मी काही केलं नसतं – नुसती गप्प बसले असते – तर आज तो आला असता आणि त्याची झाडं मोहरलेली...

हॉर्न वाजला. ऐकलंस? बस वळणावर आली. नाही, तू थांबू नकोस. तू त्याला समजावून सांगशील, तुझा स्वभाव तसा आहे, आणि मला ते नकोय. तो पट्ट्यांवरून हात फिरवील, विचारील, आरेती, काय घातलंस गं यांना? काय सांगू मी – अकरा वर्षं काहीच नाही, आणि मग सगळं?

कॉफी राहू दे. पिशव्या उचल. खालच्या वाटेनं जा, वरच्या वाटेनं तो येईल. जा म्हटलं ना!