पूर्ण नाव सांग

माझा जन्म लालबागचा, वडील गिरणीत, गाव मालवणकडे. चाळीत पोर जेवेना की आई म्हणायची, गप जेव, नायतर पोलिस येतलो. तो पोलिस पुढे मीच झालो, काय सांगू तुम्हाला. अर्धं आयुष्य चौकीत गेलं आणि आता वरिष्ठांनी मला शिकवायला बसवलंय, शाळांमध्ये जाणाऱ्या शिपायांनी मुलांशी कसं बोलायचं ते.

मी त्यांना सांगतो, टोपी काढून ठेवा, मुलांच्या शेजारी बसा, आणि पूर्ण नाव विचारू नका, कधीच नाही. आपली जीभच तशी वळलेली असते हो, माणूस समोर आला की पूर्ण नाव, बापाचं नाव, राहायला कुठे. पोराला वाटतं, झालं, आता हे घरी जाणार.

तर गेल्या आठवड्यात परळच्या एका शाळेत मी स्वतः तास घेऊन दाखवला. माझे शिपाई मागच्या बाकांवर बसून बघत होते. तास संपला, आठवीतली एक मुलगी रेंगाळली, दप्तराचा पट्टा पिळत म्हणाली, काका, कोणी रोज मागे येत असेल तर? आणि माझ्या तोंडून काय निघावं? नाव काय तुझं, पूर्ण सांग. ती म्हणाली, काही नाही, मैत्रिणीचं विचारत होते. गेली.

बाहेर शिपाई हसले, साहेब, तुम्ही तर जबाबच घ्यायला बसलात. मी पण हसलो, लाज वाटते सांगायला.

मुख्याध्यापिका बाईंच्या कानावर घातलं, त्या म्हणाल्या, वर्गातून बोलावून घेऊ का? मी नको म्हटलं. सगळ्या वर्गासमोर पोलिसाने बोलावल्यावर ती काय बोलणार? बाईंना एवढंच म्हटलं, शाळा सुटताना फाटकावर कोणीतरी उभं राहू दे. आणि माझ्या हाताखालची सुर्वे, त्या दिवशी मागच्या बाकावर होती, तिला रोज साध्या कपड्यांत मधल्या सुट्टीला शाळेत पाठवतो, नळापाशी नुसती उभी राहा म्हटलं. ती मुलगी येते, पाणी पिते, जाते. मला इकडे बसवत नाही, जेवण जात नाही, बायको म्हणते, स्वतःची मुलगी असल्यासारखं काय करताय?

काल सुर्वेचा फोन आला, सर, आज ती हसली माझ्याकडे बघून. मी म्हटलं, बोलली का? कोण मागे येतो ते? सुर्वे म्हणाली, सर, घाई नका करू ना.

बरोबर आहे तिचं. पोरीने सुर्वेला सांगू दे, आईला सांगू दे, कुणालाही सांगू दे, मला कधी कळलं नाही तरी चालेल. फक्त ती सुखरूप राहू दे. मधली सुट्टी झाली असेल आता. जरा थांबा हं, फोन वाजला वाटतं.