ताईंनी सही न केलेलं पत्र

मंडळी, ताईंच्या घरचे सगळे, आणि आपल्या पॅकहाउसमधल्या माझ्या माणसांनो,

मला बोलायची सवय नाही. ओरडायची होती. ती ताईंनी सोडवली, म्हणून आज उभा राहिलोय. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

द्राक्षं निवडून पेट्यांत भरायच्या या पिंपळगावच्या पॅकहाउसचा मी मॅनेजर. डॉक्टर सुनंदाताई आमच्या मालकीणबाई. त्याआधी नाशिक रोडला त्यांचा आयुर्वेदाचा दवाखाना होता. त्यांचा भाऊ वारला आणि द्राक्षांचं हे सगळं त्यांच्या अंगावर आलं.

त्यांच्या पहिल्याच हंगामात आमचा माल परत आला. एका आठवड्यात दोनदा. पेट्यांत सडके मणी. मी शोध घेतला. पेठ तालुक्यातून कामाला येणाऱ्या सखूबाईंनी निवडलेला माल होता तो. सखूबाई आज समोर बसल्या आहेत. "सांगा साहेब," म्हणाल्या, म्हणून सांगतोय.

त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र तयार करून मी सहीला नेलं. ताईंनी वाचलं आणि विचारलं, "यांना काय होतंय?"

मी म्हणालो, "ताई, हा दवाखाना नाही."

"माणसं तीच आहेत. बोलवा त्यांना."

सखूबाई आल्या. ताईंनी पेट्यांचा विषयच काढला नाही. झोप कशी लागते, भूक लागते का, घरी कोण कोण आहे, एवढंच विचारत बसल्या. मी घड्याळ बघत उभा. बऱ्याच वेळाने सखूबाई हळूच म्हणाल्या, "लय दिवस झाले ताई, मला नीट दिसत नाय."

ताईंनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मोतीबिंदू निघाला.

मग ताई मला म्हणाल्या, "दुखणं डोळ्यांत आहे. पण त्यांनी ते लपवलं, त्याचं कारण तुमच्या केबिनमध्ये आहे. उपचार दोन्हीकडे करावे लागतील."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? दोन दिवस मी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी मलाच समोर बसवलं. "तुम्हाला झोप लागते का?"

नव्हती लागत. कित्येक महिने नव्हती. बायको आजारी होती, आणि घरची सगळी धास्ती मी कामावरच्या बायकांवर ओरडून काढत होतो. मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी रडलो, मंडळी. ताईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बसून राहिल्या.

सखूबाईंचं ऑपरेशन झालं. तोवर त्यांना खोकी जुळवायचं काम दिलं. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांची विचारपूस करायची, असं ठरलं. पहिले काही दिवस कोणी तोंड उघडेना. मग एक जण म्हणाली, दाढ दुखते. तिथून सुरू झालं. त्यानंतर माल कधी परत आला नाही, असं मी म्हणणार नाही. आला. पण आता चूक झाली की करणारा स्वतः येऊन सांगतो.

एक गोष्ट राहिली. ताई अधूनमधून विचारायच्या, "सखूबाईंशी बोललात का?" मी म्हणायचो, बोलतो ताई. पंधरा दिवसांपूर्वी ताई गेल्या. मी बोललोच नव्हतो.

सखूबाई, तुम्हाला एक शब्द न विचारता मी ते पत्र लिहिलं. चुकलं माझं. मला माफ करा.

आता ताईंसाठी दोन मिनिटं शांत राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना बरं वाटत नाही, त्यांनी उठू नका. बसूनच राहा. ताईंनी तुम्हाला उभं केलं नसतं.