पेत्राची शुद्ध भाषा

आमच्या गुड फ्रायडेच्या नाटकाचं नाव नका काढू गा! मले पेत्र केलं होतं, येशूले ओळखत नाई म्हणणारा. डायरेक्टर पुण्याचे. महिनाभर डोकं खाल्लं माझं! "'त्याले' नाही, 'त्याला' म्हणा!"

मी म्हटलं, "सर, पेत्र खेड्यातला, बोलीवरूनच पकडला जाते. त्याले शुद्ध काऊन करता?" ऐकतील तर शपथ.

शेवटी भर चर्चमध्ये मी ठणकावलं, "मी त्या माणसाला ओळखत नाही!"

आता दासीनं म्हणाचं होतं, "तू येशूचाच माणूस, तुझ्या बोलीवरून कळते." दासी झालेली आलापल्लीची सुगंधाबाई माझ्याकडे पाहतच राह्यली. मग पडद्यामागच्या डायरेक्टरले म्हणे, "सर, बोलीवरून तर हा तुमचा माणूस वाटून राह्यला!"