ओव्याची धुरी

इंदूरच्या इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डाबाहेर मधुरिमा नंबराची वाट पाहत होती. शेजारी सांवेरकडच्या एक आजी दुसऱ्या बाईंशी बोलत होत्या.

“जुळ्यांतला एक नातू आत ऑक्सिजनवर आहे जी. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूर होतो का? मी म्हटलं, बिलकुल नाही, गॅस आहे आमच्याकडे.”

“मग निमोनिया कसा झाला?”

“तेच तर समझ में नहीं आता! खोकला लागल्यापासून दारं-खिडक्या लावून दोन्ही टाइम ओव्याची धुरी देतेय.”

“हे सांगितलं डॉक्टरांना?”

“त्यांनी धुराचं विचारलं, दवेचं कुठे विचारलं?”

मधुरिमाला कळेना, मध्ये बोलावं की नाही. तेवढ्यात आजींनी घरी फोन लावला.

“सूनबाई, दुसराही खोकतोय? मग आज धुरी जरा वाढव.”