पाव टिचकी मागे

आदरणीय अध्यक्षा, म्हणजे आमच्या स्टुडिओच्या मालकीणबाई. आजचे सत्कारमूर्ती, आमचे निवृत्त होणारे ध्वनिमुद्रक काका. त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू. माझे वादक सोबती आणि समोर बसलेले तुम्ही सगळे,

शुभेच्छांच्या आधी मला एक दुरुस्ती करायची आहे. हातातल्या स्मरणिकेचं सातवं पान काढा. तिथं मी लिहिलंय, ‘आमच्या अल्बममधली नऊही ब्लूज गाणी आम्ही गायलो तशीच आहेत, नंतर कुणी त्यांना हात लावलेला नाही.’ हे खोटं आहे. लिहिताना मला ते खरं वाटत होतं, असं म्हणून मी सुटू शकते. पण पूर्ण खरं तेही नाही.

थोडं घरचं सांगते. माझे बाबा टायपिंगचा क्लास चालवायचे. अकराव्या वर्षापर्यंत माझी शाळा तीच. वाचन, गणित, गाणं, सगळं बाबांकडे. बारा यंत्रं एका लयीत खडखडायची, त्यावर मी गायचे आणि बाबा लाकडी पट्टीनं टेबलावर ठोके द्यायचे. पट्टी पडली की शब्द पडलाच पाहिजे. आमच्या घरात ‘उशीर’ हा शब्द शिवीसारखा होता.

आणि अशी मुलगी जॅझ गायला गेली! ब्लूज म्हणजे काय? मार खाल्लेल्या माणसानं हसत केलेली तक्रार. ती घाईनं करून कसं चालेल? झोका वर गेला की क्षणभर थांबतो ना, तसा आवाज ठोक्याच्या किंचित मागे राहावा लागतो. आमचं चौथं गाणं बघा:

गेलास तर गेलास, दार ओढून घे,
गेलास तर गेलास, दार ओढून घे,
उरलेली ऊब माझी, मला राहू दे.

यातला ‘घे’ मी ठोक्यावर नेमका टाकायचे. ड्रमवाले दादा वैतागून म्हणाले, “अगं, तो गेलाय! तू त्याला ऑफिसला पाठवल्यासारखी काय गातेस?”

पण अल्बम आला आणि सगळे त्याच ‘घे’वर खूश. ‘काय रेंगाळते!’ मला विचारलं, हे कुठं शिकलात? मी म्हणाले, घरीच. बाबांनी मात्र ते गाणं ऐकलं आणि पट्टी खाली ठेवली. “चौथ्या गाण्यात तू उशिरा येतेस.” मी म्हणाले, “बाबा, ते मुद्दाम आहे. तुम्हाला नाही कळायचं.” त्यानंतर त्यांनी माझ्या गाण्याबद्दल एकही सूचना केली नाही. ते दुसऱ्या रांगेत बसलेत.

गेल्या गुरुवारी, स्मरणिका छापून आल्यावर, मी दारातल्या प्रदर्शनासाठी काकांच्या जुन्या वह्या लावत होते. आमच्या अल्बमची वही उघडली. काकांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘गाणं चौथं. पोरीचा आवाज पाव टिचकी मागे.’ सहा गाण्यांपुढे तेच. पाव टिचकी, अर्धी टिचकी; टिचकी म्हणजे काकांच्या भाषेत एक ठोका. काकांनी यंत्रावर माझा आवाज उचलून मागे सरकवला होता. लोक ज्याच्यावर खूश होते, तो माझा उशीर नव्हताच.

मी वही घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. काका काकूंसोबत बसून चहा ढवळत होते.

“काका, हे काय?”

“सापडलं वाटतं. बरं झालं.”

“मी चुकत होते तर सांगायचं होतंत ना!”

“चुकत कुठं होतीस? तू बरोबर गात होतीस. तोच तर घोटाळा होता.”

काकू म्हणाल्या, “हे घरी पण असंच करतात. मी भांडायला लागले की उत्तर पाव टिचकी मागे.”

तुम्ही हसताय. मीही हसले, आणि मग दोन रात्री झोपले नाही. कारण खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच मला तो आवाज माझा असून परका वाटला होता. कौतुक गोड लागलं, म्हणून मी विचारलं नाही. बाबा, तुमचा कान बरोबर होता. कळत मलाच नव्हतं. सगळ्यांसमोर माफी मागते.

काका, तुम्ही माझी लाज राखलीत. पण उधारीचा उशीर मला नको. अल्बमची नवी आवृत्ती निघणार आहे. मालकीणबाईंना सांगून मी ती थांबवली आहे. तेव्हापासून मी पट्टीच्या ठोक्यावर नाही, डबल बास वाजवणाऱ्या ताईंबरोबर रोज गाते आहे. ताई म्हणतात, दहातून चार वेळा जमतं. चार म्हणजे शून्य नाही. ती सहाही गाणी मी पुन्हा गाणार, सगळे एका खोलीत, मधे काच नाही, नंतर सरकवासरकवी नाही. नाही जमलं, तर नव्या आवृत्तीत तीनच गाणी असतील.

ज्यांनी हा समारंभ उभा केला, ज्यांनी खुर्च्या लावल्या, ज्यांनी माझं लांबलेलं बोलणं सहन केलं, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही खटकलं असेल तर मला मोकळेपणानं सांगा; काकांसारखं गुपचूप दुरुस्त करू नका.

आणि काका, चाव्या परत द्यायचा तुमचा शेवटचा दिवस मी या ध्वनिमुद्रणासाठी मागून घेतला आहे. येत्या सोमवारी, एकतीस तारखेला, सकाळी दहाला. मी वेळेवर येईन. ‘घे’ उशिरा येईल.