डबीतल्या गोळ्या

—कडकन्. असा आवाज झाला, भाऊ. अकरा वर्षं झाली, अजून कानात आहे. उत्तनच्या धक्क्यावर, ओल्या पायरीवर — डोक्यावर बोंबलांची पाटी, आणि आमची शालू पाठीवर आपटली. मी होडीतून उडी टाकून धावलो, तर बायको म्हणते, ‘मना काय झाला न्हाय, आधी बोंबील उचल.’ उठली की हो! दिवसभर केबिन रोडच्या बाजारात बसून मासळी विकली, गिऱ्हाइकांशी भांडली — आणि दिवे लागल्यावर जी कळवळायला लागली, ती वर्षानुवर्षं. सकाळी दुखलं नाही ते संध्याकाळी कुठून आलं? तुम्हीच सांगा, संशय येणार की नाही?

फोन कुणाला लावताय? रेकॉर्ड नाही ना करत? ठेवा खिशात. तुमच्या मानेला पट्टा दिसला म्हणून बोलतोय. खरंच दुखतं ना तुमचं? — बरं, रागावू नका. सवय लागलीय मला.

एक्स-रे काढले, सगळे डॉक्टर म्हणाले, कंबरेचं मोडलेलं हाड कधीच जुळलंय. मग दुखतंय काय? रोज गरम मिठाची पुरचुंडी करून मी तिची कंबर शेकतो — कुणी सांगितलं नाही, माझं मीच. पण शेकताना... ती डावीकडे म्हणायची, मी मुद्दाम उजवीकडे दाबायचो. ओरडते का बघायला. नाही ओरडली कधी. पुतणीच्या हळदीला मात्र नाचली, चांगला अर्धा तास! मी कोपऱ्यात उभा, बघतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरुणात.

तेव्हाच ठरवलं, पकडायचीच. तिला वाचता येत नाही, गोळ्या मीच डबीत काढून ठेवतो. पाच महिन्यांपूर्वी दुखण्याच्या गोळ्या काढून टाकल्या, तशाच पांढऱ्या कॅल्शियमच्या घातल्या. सकाळ-संध्याकाळ माझ्या हाताने देतोय, वर पाणी. आठ दिवसांत बाई रात्रभर शांत झोपायला लागली! पाटावर बसून बोंबील साफ करायला लागली. आज या दवाखान्याचा जिना बघितलात ना — दोन मजले, कठड्याला हात न लावता चढली. मी मनात म्हटलं, सापडलीस.

म्हणून आज आधी मी एकटाच आत गेलो. डॉक्टरीणबाईंना डबी दाखवली, हळदीचं नाचणंही सांगितलं. म्हटलं, हा पुरावा, अकरा वर्षांचं नाटक. बाई हसल्या नाहीत, भाऊ. म्हणाल्या, ‘काका, अंगाचं स्वतःचं औषध असतं. पडल्या तेव्हा अंगानेच दुखणं दाबून धरलं, म्हणून उठल्या. हळदीलाही तेच. पण दुखणं वर्षानुवर्षं राहिलं की ते दाबणारं ढिलं पडतं.’ मी म्हटलं, म्हणजे नांगर आहे पण तळाला धरत नाही? म्हणाल्या, तसंच समजा. मग कॅल्शियमने कसं धरलं? तर म्हणतात — ‘कॅल्शियमने नाही. तुम्ही देताय, बरं वाटणार, हा भरवसा होता. त्याने अंगातलं औषध पुन्हा सुटलं. त्यांचं दुखणंही खरं, आराम पण खरा.’

माझ्या हाताने. म्हणजे मी तिला चोर ठरवायला हात पुढे करत होतो, आणि तिला त्याच हाताने...

बाई म्हणाल्या, ‘फसवाफसवी पुरे. तुम्ही आज घरी सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल.’ सांगू कसं? मला त्या बाईंचाही भरवसा वाटत नाही — पुस्तकातलं बोलतात. आता आत शालूला तपासतायत. सांगितलं आणि पुन्हा दुखायला लागलं तर? नाही सांगत मी. तुम्हीही बोलायचं नाही. शपथ घ्या. — असे माझ्या मागे काय बघताय?

शालू? झालं तपासून? कधीपासून उभी आहेस दारात? अगं, मी आपलं यांच्याशी... यांची मान दुखते ना. डबी कशाला घेतेस? राहू दे. बरं, घे. पण हळू. थांब, मी येतो.

भाऊ, चढताना तिने कठडा धरला नव्हता. तुम्ही बघितलंत ना? आता उतरताना दोन्ही हातांनी धरलाय. एकेक पायरी. शालू — शालू, नाटक नको ना करू. वळून बघ तरी—